पत्रिका वाचायची कशी? जन्मकुंडलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पत्रिका समोर आली की बहुतेकांचं बोट आधी मंगळावर जातं, मग शनीवर. तेवढ्यावर काळजी सुरू होते आणि उरलेली पत्रिका कुणी वाचतच नाही. परंपरेनं पत्रिका वाचायचा एक क्रम घालून दिला आहे. तो पाळला तर निम्मी भीती आपोआप निघून जाते. म्हणून इथली उत्तरं शक्य तिथे एकच पत्रिका धरून दिली आहेत. ती कुणा व्यक्तीची नाही, उदाहरणासाठी घेतलेली आहे : २५ डिसेंबर १९९०, पहाटे ५ वाजता, पुणे.

पत्रिकेतले १, २, ३ हे आकडे घरांचे की राशींचे?

राशींचे. पहिल्यांदा पत्रिका पाहणारा इथेच चुकतो. महाराष्ट्रात प्रचलित असलेल्या चौकटीत घरं कायम असतात. वरचं मधलं घर पहिलं, म्हणजे लग्नस्थान, आणि तिथून डावीकडे उलट्या क्रमानं बारा घरं मोजायची. आकडा सांगतो की त्या घरात कोणती रास पडली आहे : १ मेष, २ वृषभ, असं करत १२ मीन.

आपल्या उदाहरणात वरच्या घरात ८ आहे, म्हणजे वृश्चिक लग्न (लग्न म्हणजे इथे विवाह नव्हे, जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास). दुसऱ्या घरात ९ (धनु), तिथे रवी, बुध, शुक्र. तिसऱ्यात १० (मकर), तिथे शनी आणि राहू. पाचव्यात १२ (मीन), तिथे चंद्र. सातव्यात २ (वृषभ), तिथे मंगळ. नवव्यात ४ (कर्क), तिथे गुरू आणि केतू. बाकीची घरं रिकामी. एवढं कागदावर काढून ठेवा, पुढे लागेल.

रिकामं घर वाईट का?

नाही. ग्रह नऊ आणि घरं बारा, त्यामुळे काही घरं रिकामी राहणारच. रिकाम्या घराचा विचार त्याच्या स्वामीवरून, म्हणजे त्या घरातल्या राशीच्या मालक ग्रहावरून करतात. उदाहरणात दशमस्थान रिकामं आहे, तिथे सिंह रास. तिचा स्वामी रवी धनस्थानात, म्हणजे दुसऱ्या घरात आहे, म्हणून नोकरी-व्यवसायाचा विचार रवीकडून आणि धनस्थानाकडून सुरू होईल. पाचवं घर रिकामं दिसलं म्हणून संततीची चिंता करत बसणारी जोडपी मी पाहिली आहेत. त्या चिंतेला परंपरेत काहीही आधार नाही.

माझी रास नेमकी कोणती? पेपरात वेगळी सांगतात.

आपल्याकडे रास म्हणजे जन्माच्या वेळी चंद्र ज्या राशीत होता ती. पाश्चात्त्य पद्धतीच्या सदरात तारखेवरून रास ठरवतात, ती रवीची असते आणि तीही सायन, म्हणजे ऋतूंशी बांधलेल्या बिंदूपासून मोजलेली. २५ डिसेंबरला जन्मलेल्याची त्या सदरात मकर रास येईल. आपल्या निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांपासून मोजणाऱ्या गणितानं त्याचा रवी धनु राशीत आहे आणि चंद्र मीनेत. पत्रिकेवर लिहायची रास मीन.

चंद्राच्या अंशांवरून नक्षत्र आणि चरणही ठरतात. २७ नक्षत्रं, प्रत्येक १३ अंश २० कलांचं, आणि त्याचे चार चरण. इथे चंद्र मीनेत सुमारे ७ अंशांवर आहे, म्हणजे उत्तराभाद्रपदा नक्षत्र, दुसरा चरण. त्या चरणाचं अक्षर ‘थ’. नावरस नाव यावरून निघतं.

जन्मवेळ दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे झाली तर चालतं का?

रास आणि नक्षत्र यांना सहसा धक्का लागत नाही. लग्नाला लागू शकतो. चोवीस तासांत बाराही राशी पूर्वेला उगवतात, म्हणजे एक लग्न साधारण दोन तास टिकतं आणि चार मिनिटांत ढोबळमानानं एक अंश सरकतं. लग्न राशीच्या मध्यावर असेल तर पंधरा मिनिटांनी मोठा फरक पडत नाही. राशीच्या काठावर असेल तर मात्र सगळी घरं बदलतात. नवमांश, म्हणजे राशीचा नववा भाग, तर तेरा-चौदा मिनिटांत बदलतो.

जन्माचं ठिकाणही तितकंच महत्त्वाचं. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे. मुंबईची स्थानिक वेळ त्यामागे सुमारे ३९ मिनिटं, नागपूरची सुमारे १४. त्यामुळे घड्याळात एकाच क्षणी या दोन शहरांत जन्मलेल्या मुलांच्या लग्नात सहा अंशांच्या आसपास फरक पडतो. जिल्ह्याचं नाव घालून पत्रिका काढू नका, गाव घाला.

घरातल्या वयोवृद्धांची पत्रिका करत असाल तर आणखी एक गोष्ट तपासा. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशभर घड्याळं एक तास पुढे होती. त्या काळात नोंदलेल्या वेळेतून तास वजा करावा लागतो. मुंबईत तर प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत वापरात होता. जुन्या टिपणावर ‘मुं. टा.’ (मुंबई टाइम) किंवा ‘स्टँ. टा.’ (स्टँडर्ड टाइम) असं काही लिहिलं आहे का, ते आधी बघा. जुन्या टिपणांत सूर्योदयापासूनची इष्टघटीही सापडते. एक घटी २४ मिनिटांची, एक पळ २४ सेकंदांचं. ती नोंद मिळाली तर घड्याळाचा घोळ उरत नाही, सूर्योदयापासून सरळ मोजता येतं.

पहाटे जन्म झाला, तर वार कोणता धरायचा?

पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. २५ डिसेंबर १९९० हा मंगळवार, पण पहाटे पाचला पुण्यात सूर्य उगवायला दोन तास होते. पत्रिकेवर सोमवार लिहायचा. इंग्रजी तारीख मात्र २५ हीच.

वाचायला सुरुवात कुठून करायची?

लग्न, लग्नेश (लग्नराशीचा स्वामी), चंद्र. या तिघांशिवाय पुढे जाऊ नये. लग्न म्हणजे देह आणि स्वभावाची घडण, लग्नेश म्हणजे माणसाची शक्ती कुठे खर्च होणार ते, चंद्र म्हणजे मन. हे तिन्ही कणखर असतील तर पत्रिकेतले दोष माणूस पेलतो. तिन्ही दुबळे असतील तर मोठमोठे राजयोगही कागदावर राहतात.

आता उदाहरण. लग्न वृश्चिक, लग्नेश मंगळ सप्तमात. तिथून त्याची पूर्ण दृष्टी थेट लग्नावर (दृष्टी कशी मोजतात ते पुढच्या प्रश्नात). लग्नेश लग्नाला पाहतो, ही बळाची गोष्ट. मंगळ वक्री आहे, म्हणजे उलटा चालताना दिसतो, त्यामुळे हा माणूस निर्णय घेताना थांबेल, मागे वळून बघेल.

मग चंद्र. तो मीनेत, म्हणजे गुरूच्या राशीत. गुरू कर्केत, म्हणजे चंद्राच्या राशीत. दोघांनी एकमेकांची घरं घेतली, हा परिवर्तन योग. चंद्र भाग्येश (नवव्याचा स्वामी) आणि गुरू पंचमेश (पाचव्याचा), म्हणजे पंचम आणि भाग्य या दोन त्रिकोणांच्या (१, ५, ९ ही त्रिकोणस्थानं) स्वामींमध्ये ही अदलाबदल झाली आहे. त्यात गुरू कर्केत उच्चीचा, म्हणजे त्याच्या सर्वात बळाच्या राशीत. त्याची पाचवी दृष्टी लग्नावर आणि नववी दृष्टी खुद्द चंद्रावर. शिक्षण, उपासना, वडिलधाऱ्यांचा आधार, संतती हा सगळा पट्टा या पत्रिकेचा कणा आहे.

इथे थांबलं तर वाचन एकांगी होईल. मकरेतल्या स्वगृहीच्या, म्हणजे स्वतःच्याच राशीतल्या शनीची तिसरी दृष्टीही याच चंद्रावर आहे. मनाला गंभीरपणा, एकटेपणाची ओढ, लवकर आलेली जबाबदारी ही त्याची फळं. गुरू आणि शनी दोघेही चंद्राला पाहतात, म्हणून या माणसाचा विश्वास सहज मिळणार नाही, पण एकदा मिळाला की टिकेल, असं मी वाचेन. नुसता गुरू पाहून ‘भाग्यवान’ किंवा नुसता शनी पाहून ‘दुःखी’ म्हणणारा, दोघेही अर्धीच पत्रिका वाचतात.

ग्रहांच्या दृष्टी कशा मोजायच्या?

ग्रह ज्या घरात आहे ते पहिलं धरून मोजायचं. सगळे ग्रह सातव्या घराला पाहतात. त्याशिवाय मंगळ चौथ्या आणि आठव्याला, गुरू पाचव्या आणि नवव्याला, शनी तिसऱ्या आणि दहाव्याला. राहू-केतूंच्या दृष्टीबद्दल मतभेद आहेत. नवशिक्यानं त्या सोडून द्याव्यात.

गुरू शुभ, शनी पापग्रह, हे सगळ्यांना सारखंच लागू पडतं?

नैसर्गिक शुभत्व सगळ्यांना सारखं. स्थानाधिपत्य, म्हणजे ग्रह कोणत्या घरांचा स्वामी होतो ते, मात्र लग्नागणिक बदलतं, आणि फळ सांगताना तेच वरचढ ठरतं. वृषभ आणि तूळ लग्नाला शनी योगकारक, म्हणजे खास शुभ फळ देणारा, कारण त्याच्याकडे एक केंद्र (१, ४, ७, १० पैकी) आणि एक त्रिकोण येतो. कर्क आणि सिंह लग्नाला तोच मान मंगळाला. ‘शनी वाईट’ असं सरसकट म्हणणाऱ्याला आधी लग्न विचारा.

माझी पत्रिका मंगळाची आहे. लग्न जमणार नाही का?

जमेल. हा प्रश्न विचारताना मुलींचा आवाज कसा होतो ते मी ऐकलं आहे, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

लग्नापासून १, ४, ७, ८ किंवा १२ व्या स्थानी मंगळ असला की आपल्याकडे मंगळाची पत्रिका म्हणतात. दक्षिणेकडे दुसरं स्थानही धरतात. बारातली पाच स्थानं, म्हणजे शंभरातल्या चाळीसहून अधिक पत्रिका या व्याख्येत बसतात. एवढ्या मोठ्या संख्येला ‘दोषी’ ठरवणं परंपरेला अभिप्रेत नव्हतं. म्हणूनच अपवादांची लांबलचक यादी शास्त्रकारांनीच दिली. मंगळ स्वगृही किंवा उच्चीचा असणं, त्याच्यावर गुरूची दृष्टी असणं हे त्यातले नेहमीचे.

आपल्या उदाहरणात मंगळ सातव्यात आहे. वरवर पाहिलं तर कडक मंगळ. आता क्रमानं बघू. हा मंगळ लग्नेश आहे, म्हणजे पत्रिकेचा मालकच सप्तमात बसला आहे. चंद्रापासून तो तिसरा, शुक्रापासून सहावा, म्हणजे त्या दोन्हींकडून मोजलं तर मंगळदोष लागतच नाही. सप्तमेश (सातव्याचा स्वामी) शुक्र कुटुंबस्थानात, म्हणजे दुसऱ्या घरात, गुरूच्या राशीत, अस्तंगत (रवीच्या तेजात झाकलेला) नाही. उणी बाजूही आहे : मंगळावर गुरूची दृष्टी नाही, आणि मंगळाची आठवी दृष्टी वाणीच्या, म्हणजे त्याच दुसऱ्या घरावर, शुक्रावर पडते. म्हणून मी एवढंच सांगेन की हा माणूस जोडीदारात गुंतलेला राहील, रागात शब्द टोचून बोलेल, आणि स्पष्टवक्त्या जोडीदाराशी त्याचं अधिक चांगलं जमेल. जोडीदाराच्या आयुष्याला धोका असल्याचं कुणी यावरून सांगत असेल तर तिथून उठावं.

३६ पैकी १४ गुण जुळतात. नकार द्यायचा का?

गुणमेलन म्हणजे पत्रिका जुळवणं नव्हे. वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, राशिकूट ७, नाडी ८ असे मिळून ३६. हे आठही फक्त दोघांच्या चंद्राच्या राशी-नक्षत्रांवरून काढतात. लग्न, सप्तमस्थान, सप्तमेश, शुक्र, दशा यांतलं काहीही त्यात येत नाही. १८ गुणांची रेघ ही पहिली चाळणी आहे. २८ गुण जुळूनही दोघांचे सप्तमेश पीडित असू शकतात आणि १४ गुणांत उत्तम संसार दिसू शकतो. एकनाड, म्हणजे दोघांची नाडी एकच असली की आठ गुण एकदम जातात, पण तिथेही परिहार (दोष न धरण्याचे अपवाद) दिलेले आहेत, जसं दोघांची रास एक आणि नक्षत्रं वेगळी असणं. रक्तगटाशी नाडीचा संबंध जोडणाऱ्या गोष्टी फिरत असतात, त्यांना ना ज्योतिषात आधार आहे ना वैद्यकात. आरोग्याची शंका असेल तर रक्त तपासून घ्या.

महादशा म्हणजे काय? ती कशी काढतात?

पत्रिकेत काय आहे ते योग सांगतात, कधी ते दशा सांगते. विंशोत्तरी दशेचं चक्र १२० वर्षांचं : केतू ७, शुक्र २०, रवी ६, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६, शनी १९, बुध १७. जन्मनक्षत्राच्या स्वामीपासून सुरुवात होते. नक्षत्राचा जेवढा भाग चंद्रानं जन्माआधीच ओलांडला असेल तेवढी दशा भोगून झालेली, उरलेली शिल्लक.

उत्तराभाद्रपदाचा स्वामी शनी. उदाहरणात जन्मवेळी शनीची तेरा-चौदा वर्षं शिल्लक होती, म्हणजे ती २००४ च्या आसपास संपली. मग बुधाची १७ वर्षं, २०२१ पर्यंत. त्यानंतर केतू, २०२८ पर्यंत. बुध या पत्रिकेत रवीच्या अगदी जवळ, अस्तंगत आणि वक्री, शिवाय अष्टमेश आणि लाभेश (आठव्या आणि अकराव्या घरांचा स्वामी). तेरा ते तीस हे वय त्याच्या ताब्यात होतं. शिक्षणात एखादा विषय सोडून दुसरा धरणं, कमाई येणं पण आडवाटेनं येणं असं त्या काळात वाचता येतं. केतू भाग्यात उच्चीच्या गुरूजवळ आहे, म्हणून त्याची दशा नावानं घाबरवणारी असली तरी त्या गुरूची फळं देऊ लागते.

साडेसाती लागली आहे. साडेसात वर्षं काहीच नवीन करू नये का?

शनी चंद्रराशीच्या बाराव्या, पहिल्या आणि दुसऱ्या राशीतून जातो तो काळ साडेसातीचा. एका राशीत सुमारे अडीच वर्षं, आणि पूर्ण फेरीला साधारण २९.५. म्हणजे दीर्घायुषी माणसाला ती तीनदा येते. २९ मार्च २०२५ ला शनी मीनेत आला, तेव्हा मकरेची संपली आणि मेषेची सुरू झाली. कुंभ आणि मीन चालूच होत्या. कोट्यवधी लोक एकाच वेळी त्यात असतात, लग्नं करतात, घरं घेतात, बढत्या मिळवतात. गोचर, म्हणजे ग्रहांचं चालू भ्रमण, नेहमी दशेच्या मागून चालतं. दशा चांगली आणि मूळ पत्रिकेत शनी बळकट असेल तर साडेसाती कष्ट करवते आणि पाया घालून जाते. शनीला घाई चालत नाही, एवढं लक्षात ठेवून कामं करावीत.

कालसर्प योगाचं काय?

सगळे ग्रह राहू-केतूंच्या एका बाजूला असले की हा योग सांगतात. वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त तो नाही. तिथे सर्प योग आहे, पण त्याची व्याख्या केंद्रातल्या पापग्रहांवर आहे, राहू-केतूंवर नाही. आज ज्याच्या नावानं सर्वात जास्त भीती घातली जाते तो योग जुन्या मुख्य परंपरेत सापडत नाही, हे ज्यानं त्यानं ध्यानात घ्यावं.

नवमांश कुंडली कधी पाहायची?

मुख्य कुंडली वाचून झाल्यावर. राशीचे ३ अंश २० कलांचे नऊ भाग करून ती मांडतात. लग्नकुंडलीत दिसलेलं बळ खरं आहे का, हे तिथे ताडून पाहतात. उदाहरणात गुरू कर्केत सुमारे १८ अंशांवर आहे, म्हणजे धनु नवमांशात. राशीत उच्चीचा आणि नवमांशात स्वतःच्या घरी, म्हणून त्याच्याबद्दल वर जे म्हटलं ते मी ठामपणे म्हणतो. नवमांश स्वतंत्र पत्रिकेसारखा धरून त्यातून वेगळंच भविष्य सांगू नये.

दोन ज्योतिषांनी दोन वेगळ्या दशा सांगितल्या. खोटं कोण?

बहुधा कुणीच नाही. अयनांश वेगळे असतील. सायन ग्रहांतून किती अंश वजा करायचे यावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. व्यंकटेश बापूजी केतकरांनी (१८५४-१९३०) चित्रा पक्ष (चित्रा तारा धरून मोजणारा) मांडला, लोकमान्य टिळक रैवत पक्षाचे (रेवती तारा धरून मोजणाऱ्या). १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या दिनदर्शिका सुधारणा समितीनं चित्रा पक्षाचे अयनांश स्वीकारले आणि १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग त्यानुसार निघू लागलं. सध्या ते अयनांश सुमारे २४ अंश आहेत. टिळक पंचांग मात्र रैवत पक्षाचं, आणि दोहोंत जवळपास चार अंशांचं अंतर आहे.

चार अंश म्हणजे किती? आपल्या उदाहरणात राशी त्याच राहतात, पण शनीची शिल्लक दशा पाच-सहा वर्षांनी कमी होते. मग पुढची प्रत्येक दशा तेवढीच अलीकडे येते. कोणताही पक्ष धरा, पण एकच धरा, आणि पत्रिकेवर तो लिहून ठेवा. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्येही सेटिंग उघडून हे बघता येतं.

जुळ्यांची पत्रिका एकच, मग आयुष्यं वेगळी कशी?

काही मिनिटांच्या फरकानं नवमांश आणि त्याहून सूक्ष्म वर्ग बदलू शकतात, हे परंपरेचं उत्तर. मला ते पुरेसं वाटत नाही. पत्रिका सगळं सांगते असा दावाच करू नये, हे अधिक खरं.

ज्योतिष हे विज्ञान आहे का?

प्रयोगानं सिद्ध होणाऱ्या विज्ञानाच्या अर्थानं नाही. डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात ज्योतिषांना हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका देऊन ओळखायला सांगितलं होतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत बरोबर उत्तरं ४६ टक्के आली, म्हणजे छापा-काट्याएवढीच. हे नाकारून उपयोग नाही. माझ्यासाठी ज्योतिष ही स्वतःच्या आयुष्याकडे क्रमानं बघायची जुनी परंपरा आहे, आणि मी तिच्यावर मनापासून प्रेम करतो. म्हणूनच आजार, शस्त्रक्रिया, कोर्टकचेरी किंवा पैशाची गुंतवणूक यांचा निर्णय पत्रिकेवरून करायला मी कधी सांगत नाही.

शांती आणि खडे?

शांती ही प्रार्थना आहे. घरी, ऐपतीत, श्रद्धेनं करा. कर्ज काढून करायची शांती कुठल्याही ग्रहाला नको असते. खडा सुचवणाराच खडा विकत असेल तर घेऊ नका.

मृत्यूची वेळ सांगता येते का?

विचारू नये आणि सांगू नये. आयुर्दायाची, म्हणजे आयुष्य किती ते काढायची गणितं ग्रंथांत आहेत, पण ती एकमेकांशी जुळत नाहीत.

ज्योतिषाकडे जाताना सोबत काय न्यावं?

जन्मदाखला किंवा दवाखान्याचं कार्ड, कारण आईच्या आठवणीतली वेळ आणि नोंदीतली वेळ पुष्कळदा वेगळी असते. घरातलं जुनं टिपण असेल तर तेही. आयुष्यातल्या चार-पाच ठळक घटना महिना-वर्षासह लिहून न्या : शिक्षण संपलं, नोकरी लागली, लग्न, घरातला मृत्यू, घर बदललं. जन्मवेळ पडताळायला त्यांचाच उपयोग होतो. आणि प्रश्न एकच न्या. ‘सगळं सांगा’ म्हटलं की सगळंच मोघम सांगितलं जातं.